मोगऱ्याचा बहर : एकदा नव्हे, पुन्हा पुन्हा



भात झोडून झालं, कणगी भरली, की आपल्या मुरबाड, शहापूर, भिवंडी, कल्याण तालुक्यांतल्या किती तरी घरांपुढे एकच प्रश्न उभा राहतो. आता पावसापर्यंत काय करायचं? ज्यांच्या विहिरीला भरपूर पाणी आहे ते भाजीपाला करतात. बाकीचे दाराला कुलूप लावतात आणि मुलाबाळांसह वीटभट्टीची वाट धरतात. ज्यांच्याकडे दहा गुंठे वरकस जमीन आहे आणि मेअखेरपर्यंत पुरेल इतकं थोडं पाणी आहे, त्यांच्यासाठी आज मी मोगऱ्याविषयी बोलणार आहे.

मोगरा आपल्याला नवा नाही. शेजारच्या पालघर जिल्ह्यात विक्रमगड, जव्हारकडे त्याच्या बागा आहेत. ठाणे, कल्याण, डोंबिवली ही शहरं आपल्या दाराशी आहेत. लग्नाचा मांडव असो की देवाचा हार, फूल रोज लागतं. कल्याणच्या बाजार समितीत फुलांचा बाजार भरतो, दादरला मीनाताई ठाकरे फूल बाजार आहे. तेव्हा माल खपेल का, ही मोठी अडचण नाही. अडचण वेगळीच आहे. पुष्कळांच्या बागेत मोगरा एकदाच भरभरून फुलतो आणि मग गप्प बसतो.

माझाच एक अनुभव सांगतो. नोकरीच्या पहिल्या वर्षी मुरबाडकडच्या एका कुटुंबाला मी मोगऱ्याची छाटणी शिकवली. पुस्तकात होतं तसं सांगितलं आणि सगळी बाग एकाच दिवशी छाटून घेतली. बहर असा आला की पाहत राहावं! घरातली चार माणसं पहाटेपासून तोडायला बसली तरी कळ्या संपेनात. निम्म्या झाडावरच उमलून गेल्या. आजूबाजूच्या बागाही त्याच वेळी फुलल्या होत्या, त्यामुळे भाव पडला. पुढे महिनाभर झाडावर कळी नाही आणि हातात पैसा नाही. मी पुन्हा गेलो तेव्हा दाराला कुलूप होतं. माणसं भट्टीवर गेली होती. दुसरा बहर आला, पण तो तोडायला कोणी नव्हतं.

पावसाआधी ती मंडळी परत आली. घरातल्या मावशी म्हणाल्या, "साहेब, फूल खूप आलं हो, पण सगळं एकदम आलं. आम्हाला रोज थोडं पाहिजे." चूक माझ्या सल्ल्यात होती. झाडाचा हिशोब मी केला, घराचा केला नाही.

आता दोन्ही हिशोब एकत्र मांडू या.

झाड पुन्हा का फुलतं?

मोगऱ्याची कळी जुन्या लाकडावर येत नाही. ती नव्या, कोवळ्या फुटीच्या शेंड्याला येते, बहुधा तीन-तीनच्या घोसात. म्हणजे जितके नवे शेंडे तितके घोस. एकदा फुलून गेलेला शेंडा तसाच ठेवला तर झाड नुसतं लांबत जातं, आत गुंता होतो आणि फूल कमी होतं. तोच शेंडा खुडला तर खालच्या डोळ्यांतून दोन नव्या फुटी निघतात आणि त्यांच्या टोकाला पुन्हा कळी धरते.

ही गोष्ट एकट्या मोगऱ्याची नाही. निशिगंधाचा एक कंद एकदाच दांडा देतो, पुढचे दांडे बाजूच्या पिल्लांचे असतात. थंड मुलखात, आपल्या काश्मीरमध्येही, आयरिस नावाचं जांभळं-निळं फूल होतं. त्याच्या काही जाती वसंतात फुलतात आणि शरदात पुन्हा फुलतात. तिथेही पहिला बहर संपताच माळी खत-पाणी देतो, कारण दुसरं फूल नव्या कोंबावरच येतं. आयरिसच्या त्या जाती आपल्या उकाड्यात आणि पावसात टिकायच्या नाहीत, तेव्हा त्यांच्या नादी लागू नका. पण त्या माळ्याची रीत लक्षात ठेवा. दुसरा बहर हवा असेल, तर पहिला संपत असतानाच नव्या फुटीची तयारी करायची.

लागवड

मोगऱ्याला साचलेलं पाणी सोसत नाही. आपल्याकडे पाऊस अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास पडतो, म्हणून भाताचं खाचर याला देऊ नका. उताराची, निचऱ्याची वरकस जमीन निवडा. चार फूट बाय चार फूट अंतर ठेवलं तर एका गुंठ्यात सुमारे ६८ झाडं बसतात, दहा गुंठ्यांत ६८०. उन्हाळ्यात दीड फुटाचे खड्डे खणून तापू द्या, ते शेणखत आणि चांगल्या मातीने भरा, आणि पहिला पाऊस स्थिरावला की रोपं लावा.

रोप छाट कलमाचं किंवा दाब कलमाचं घ्या. दारावर येणारा विक्रेता "बारमाही मोगरा" म्हणून काहीही गळ्यात बांधतो. ज्या बागेचं रोप आहे, ती फुललेली स्वतः डोळ्यांनी बघा आणि मगच पैसे द्या.

पहिल्या वर्षी कळ्यांचा मोह धरू नका. शेंडे खुडत राहा, झाड खालून भरू द्या. तिसऱ्या वर्षापासून पुरतं उत्पन्न सुरू होतं आणि सांभाळलं तर बाग दहा-बारा वर्षं चालते.

विसावा आणि छाटणी

नोव्हेंबर लागला की मोठ्या झाडांचं पाणी तोडायचं. दोन ते तीन आठवडे ताण द्या. हलक्या माळजमिनीत दोन आठवडे पुरतात. पानं थोडी मलूल झाली, खालची काही गळली, की ताण पुरे झाला. झाड वाळू देऊ नका. वर्षाच्या आतल्या रोपांना ताण मुळीच नको.

मग छाटणी. झाड जमिनीपासून दीड फूट ठेवून वरचं छाटा. वाळलेल्या, रोगट आणि आत वळलेल्या फांद्या बुडातून काढा. कैची धारदार असावी, फांदी चिरडता कामा नये. जाड कापावर बोर्डो मलम लावा.

आता मावशींचं म्हणणं लक्षात घ्या. सगळी बाग एका दिवशी छाटू नका. ६८० झाडांचे १७० झाडांचे चार भाग करा. पहिला भाग २५ नोव्हेंबरच्या सुमारास छाटा, दुसरा ५ डिसेंबरला, तिसरा १५ ला आणि चौथा २५ ला. प्रत्येक भागाचा ताणही त्याच बेताने पुढे सरकवा. छाटल्यावर ताण संपला. त्या भागाची आळी मोकळी करा, खत द्या आणि भरपूर पाणी द्या.

खत

तामिळनाडू कृषी विद्यापीठाची शिफारस अशी आहे : दर झाडाला वर्षाला १० किलो शेणखत, ६० ग्रॅम नत्र, १२० ग्रॅम स्फुरद आणि १२० ग्रॅम पालाश. रासायनिक खत दोन हप्त्यांत द्यायचं. एका हप्त्याला झाडामागे साधारण ६५ ग्रॅम युरिया, ३७५ ग्रॅम सिंगल सुपर फॉस्फेट आणि १०० ग्रॅम म्युरेट ऑफ पोटॅश पडतं. पहिला हप्ता शेणखताबरोबर छाटणीनंतर द्या. दुसरा पावसाळ्यात द्यायचा असतो, पण आपल्याकडच्या मुसळधार पावसात टाकलेलं खत ओढ्याला जातं. म्हणून उघडीप बघून, खत मातीआड करून द्या. माती तपासून घेतली तर हे आकडे तुमच्या जमिनीप्रमाणे कमी-जास्त करता येतात. त्यासाठी तालुका कृषी अधिकाऱ्यांच्या कार्यालयात चौकशी करा.

एक सावधगिरी. फूल कमी झालं की पुष्कळजण युरियाची मूठ वाढवतात. झाड हिरवंगार होतं, पानं हातभर वाढतात आणि कळी मात्र रुसते. नुसत्या युरियावर मोगरा फुलत नाही.

एका बहराकडून दुसऱ्याकडे

छाटलेल्या बागेवर फेब्रुवारी-मार्चपासून कळी लागते. पहिल्या भागाचा बहर ओसरू लागला की फुलून गेलेले शेंडे दोन-तीन बोटं खुडा. आळ्यात वरवर चाळणी करा, ओंजळभर कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत टाका आणि पाणी द्या. साधारण महिनाभरात नव्या फुटीला कळी दिसू लागते. तोवर दुसरा, तिसरा आणि चौथा भाग आळीपाळीने फुलत असतो. चौथा संपायला येतो तेव्हा पहिला पुन्हा तयार होतो. उन्हाळा तापला की हे वेळापत्रक थोडं पुढे-मागे होईल. तेव्हा तारीख न बघता झाडाचा शेंडा बघा.

पाणी आळ्यात द्या, पाट भरून देऊ नका. बुडाशी भाताचा पेंढा किंवा पालापाचोळा अंथरला तर पाण्याची पाळी लांबते. मे महिन्यात विहीर तळाला गेली की याचं मोल कळतं.

कीड आणि तोडणी

कळी जांभळट होऊन न उमलता गळत असेल तर ते कळीमाशीचं काम. कळीला भोक आणि जाळं दिसलं तर कळी पोखरणारी अळी समजा. अशा कळ्या झाडाखाली टाकू नका, गोळा करून नष्ट करा. आळ्यातली माती हलवत राहिलात तर मातीतले कोष उन्हाने मरतात. सुरुवातीलाच ५ टक्के निंबोळी अर्क फवारा. पानं पिवळी पण शिरा हिरव्या दिसल्या तर लोह कमी पडलं आहे. १० लिटर पाण्यात ५० ग्रॅम हिराकस विरघळवून फवारा. लाल कोळ्यासाठी पाण्यात मिसळणारं गंधक लिटरला २ ग्रॅम घ्या, पण भर उन्हात फवारू नका.

पूर्ण भरलेली, पांढरी, न उमललेली कळी पहाटे तोडा. संध्याकाळी ती उमलणार, तोवर गिऱ्हाइकाच्या हातात पोहोचली पाहिजे. एक किलो भरायला हजारो कळ्या लागतात. हे बोटांचं काम आहे, म्हणून घरात माणसं हवीत. ओल्या फडक्याने झाकलेली टोपली पहाटेच्या एसटीने किंवा लोकलने न्या. चार-पाच घरांनी मिळून एका माणसाकडे माल दिला तर बाकीच्यांची रोजची खेप वाचते.

त्या मुरबाडच्या कुटुंबाने पुढच्या वर्षी बाग चार भागांत छाटली. मार्चमध्ये मी गेलो तेव्हा मावशी अंगणात कळ्या निवडत होत्या आणि धाकटी मुलगी दप्तर घेऊन शाळेला निघाली होती. भाव कधी चढा होता, कधी उतरता, पण दाराला कुलूप नव्हतं. आपल्याला साधायचं आहे ते एवढंच. एकदम येणारा पैसा एकदम जातो, आणि थोडा थोडा येणारा घर धरून ठेवतो.

तेव्हा या नोव्हेंबरला कैची हातात घेण्याआधी बागेचे चार भाग पाडा, चार खुंट्या ठोका आणि प्रत्येक खुंटीवर छाटणीची तारीख लिहा. पुढचं काम झाड करील.