कपाटाची किल्ली कुणाकडे?

(१२ ऑगस्ट, ग्रंथपाल दिन. वस्तीतल्या युवकांच्या अभ्यासवर्गात एका ग्रंथपाल बाईंनी केलेलं भाषण. बोलणं होतं तसंच ठेवलं आहे. – संपादक)

दोस्तांनो, पोरींनो, आणि मागं दारात उभ्या असलेल्या आयाबायांनो, जय भीम.

आत या की. दारात उभं राहायची सवय आपल्याला हजार वर्षांची आहे. ती इथं तरी मोडा.

आज रंगनाथन यांचा जन्मदिवस. गणिताचा हा मास्तर १९२४ साली मद्रास विद्यापीठाचा ग्रंथपाल झाला आणि १९३१ साली त्यानं ग्रंथालयशास्त्राचे पाच सिद्धांत लिहिले. पहिला सिद्धांत असा की पुस्तकं वापरण्यासाठी असतात. तुम्ही म्हणाल, यात काय मोठं? पण युरोपातल्या जुन्या ग्रंथालयांत पुस्तकं साखळीनं फळीला बांधून ठेवत. म्हणून हे लिहावं लागलं. दुसरा सिद्धांत, प्रत्येक वाचकाला त्याचं पुस्तक. तिसरा, प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक. चौथा, वाचकाचा वेळ वाचवा. पाचवा, ग्रंथालय ही वाढती संस्था आहे.

हे पाच सिद्धांत मी परीक्षेला पाठ केले आणि मग आयुष्यभर देवघेवीच्या खिडकीत बसून तपासले. मला ग्रंथालय आवडतं, यात लपवण्यासारखं काही नाही. जुन्या कागदाचा वास आवडतो. तारखेचा शिक्का मारल्याचा ठप्प आवाज आवडतो. तारखांच्या चिठ्ठीवर वीस वर्षांपूर्वीची तारीख दिसली की वाटतं, अरे, हे पुस्तक तेव्हा कुणीतरी छातीशी धरून घरी नेलं होतं. पण या प्रेमाच्या पोटात एक राग आहे. आज त्या रागाबद्दल बोलायचं आहे.

रंगनाथन सांगतात, प्रत्येक वाचकाला त्याचं पुस्तक. आमचा प्रश्न असा, की वाचक कुणाला म्हणायचं हे ठरवलं कुणी?

४ ऑगस्ट १९२३ ला मुंबईच्या कायदेमंडळात सी. के. बोले यांचा ठराव मंजूर झाला. सरकारी पैशातून बांधलेल्या, चालवलेल्या जागा अस्पृश्यांना खुल्या कराव्यात, असा. पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, शाळा, न्यायालयं, कचेऱ्या, दवाखाने, सगळ्यांची नावं त्यात आहेत. वाचनालयाचं नाव नाही. पाण्यासाठी महाडला १९२७ साली जावं लागलं, मार खावा लागला. पुस्तकासाठी काय? १९२४ साली बाबासाहेबांनी बहिष्कृत हितकारिणी सभा काढली. तिच्या उद्दिष्टांत वसतिगृहांच्या जोडीला वाचनालयं आणि अभ्यासमंडळंही होती. बघा, ठरावात जे नव्हतं ते आपल्या माणसानं वर्षभरात आपल्या कागदावर लिहून घेतलं.

आणखी एक गोष्ट बघा. बडोद्याच्या सयाजीरावांनी १९१० साली अमेरिकेहून बोर्डन नावाचा ग्रंथपाल आणला. गावोगाव फुकट वाचनालयं, पेट्यांतून फिरणारी पुस्तकं. देशात तोवर असं काम झालं नव्हतं. त्याच राजानं भीमराव आंबेडकर नावाच्या तरुणाला शिष्यवृत्ती देऊन १९१३ साली कोलंबियाला धाडलं. दोन्ही कामं मोठी, त्याबद्दल राजाला मानाचा मुजरा. आणि १९१७ साली तोच तरुण परत आला, बडोद्यात नोकरीला लागला, तेव्हा त्याला राहायला खोली मिळाली नाही. पारशाच्या पथिकाश्रमातून काठ्या घेऊन आलेल्या लोकांनी त्याला बाहेर काढलं. पुस्तकं भरपूर असलेल्या शहरात तो माणूस बागेत झाडाखाली बसून राहिला. म्हणजे पुस्तक गावात आलं म्हणून गाव वाचत नाही. कपाट भरलं म्हणून डोकं रिकामं राहत नाही असं नाही.

मग पुस्तकानं घडतं काय? घडतं, पण ते हातातून हातात जावं लागतं. केळुसकर गुरुजींचं उदाहरण तुम्हाला माहीत आहे. चर्नी रोडच्या बागेत हा मुलगा रोज वाचत बसलेला त्यांना दिसायचा. त्यांनी चौकशी केली, पुस्तकं दिली. पुढं शाळकरी भीमरावाचा सत्कार झाला तेव्हा स्वतः लिहिलेलं बुद्धाचं चरित्र भेट दिलं. त्या एका पुस्तकाचं ऋण बाबासाहेबांनी १९५६ साली ‘बुद्ध आणि त्याचा धम्म’च्या प्रस्तावनेत नोंदवलं. मधे जवळपास पन्नास वर्षं गेली! एका मास्तरानं एका पोराच्या हातात एक पुस्तक दिलं आणि १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात लाखो माणसं उभी राहिली. मी त्याला देवघेव म्हणते. हे पुस्तक या माणसाला आज दिलं पाहिजे, एवढं कळणं म्हणजे ग्रंथपालाचं काम. बाकी झाडू मारणं कुणालाही येतं.

आता पुस्तक दडवलं कसं जातं ते सांगते. कुलूप लावूनच दडवतात असं नाही. आकडा लावूनही दडवतात.

मेल्विल ड्युई या अमेरिकन माणसानं १८७६ साली पुस्तकांना आकडे दिले. जगभर ते चालतात, आपल्याकडेही. धर्माला २००. त्यातली बहुतेक घरं ख्रिस्ती धर्माला आणि उरलेल्या साऱ्या जगाला २९० च्या पुढचा कोपरा. आपल्या बुद्धाला २९४ नंतर एक टिंब आणि तीन. हाच ड्युई एक क्लब चालवायचा, त्यात ज्यूंना बंदी. १९०५ साली त्याविरुद्ध तक्रार झाली आणि पुढं त्याला न्यूयॉर्क राज्याचं ग्रंथपालपद सोडावं लागलं. त्याच्या नावाचं पदक अमेरिकन ग्रंथालय संघटना देत होती. त्यावरचं त्याचं नाव २०१९ साली काढलं.

हॉवर्ड विद्यापीठात १९३० पासून डोरोथी पोर्टर नावाची काळी ग्रंथपाल होती. तिच्या लक्षात आलं, काळ्या माणसानं कविता लिहिली काय आणि इतिहास लिहिला काय, ग्रंथालयं त्याला दोनच खणांत कोंबतात. एक ३२६, गुलामगिरी. दुसरा ३२५, वसाहत. ती म्हणाली, हे चालणार नाही. तिनं कवितेला कवितेत नेलं, इतिहासाला इतिहासात नेलं. मोर्चा नाही, घोषणा नाही. बाईनं फळी बदलली. हा विद्रोह आहे, मित्रहो, आणि तो पॅंथरच्या विद्रोहाइतकाच खरा आहे.

आता आपल्याकडे या. कुठल्याही मोठ्या ग्रंथालयात जा आणि ‘दलित साहित्य’ पाटीचं कपाट शोधा. सापडेल. पार शेवटी, संडासाच्या बाजूला, ट्यूबलाइट गेलेली. कथा, कादंबरी, कविता, चरित्र हे सगळं गाव. आणि गावकुसाबाहेर आमचं कपाट! बागुलांचं ‘जेव्हा मी जात चोरली होती’ १९६३ चं. ते मराठी कथेच्या फळीवर का नको? अण्णाभाऊंची ‘फकिरा’ कादंबरीत का नको? आमचं वेगळं कपाट असू द्या, शोधायला सोपं जातं. पण एक प्रत तिथं आणि एक प्रत गावात, भर चौकात. एवढं मागायला कुणाच्या बापाची परवानगी लागत नाही.

आणि दाराचं काय? अमेरिकेत मेंफिसला काळ्या माणसाला ग्रंथालयातून पुस्तक मिळत नव्हतं. रिचर्ड राइटनं गोऱ्या माणसाचं कार्ड मागून घेतलं, त्याच्या नावानं खोटी चिठ्ठी लिहिली आणि निरोप्या बनून पुस्तकं आणली. पुढं तो मोठा लेखक झाला आणि १९४५ च्या आत्मकथेत त्यानं हे सांगितलं. २७ मार्च १९६१ ला मिसिसिपीतल्या जॅक्सन शहरात टूगालू कॉलेजचे नऊ विद्यार्थी गोऱ्यांच्या ग्रंथालयात गेले. त्यांना हवी असलेली पुस्तकं काळ्यांच्या ग्रंथालयात नव्हती. ते टेबलाशी बसले आणि वाचायला लागले. गुन्हा काय तर वाचन. पोलिसांनी पकडून नेलं. हे चवदार तळंच आहे. फरक एवढाच, की तिथं ओंजळीत पाणी होतं, इथं मांडीवर पुस्तक.

आपल्याला आज कोण अडवतं? कोणी नाही. महाराष्ट्रात १९६७ पासून सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा आहे. अ, ब, क, ड असे वर्ग आहेत, सरकारी अनुदान आहे. ‘गाव तेथे ग्रंथालय’ ही घोषणा भिंतींवर आहे. मग आपल्या वस्तीतलं वाचनालय बघू या का?

बाबासाहेबांचा फोटो आहे, हार आहे. तीन पेपर आहेत. आणि खुर्च्या सगळ्या भरलेल्या आहेत! बघून ऊर भरून येतो. पण जवळ जाऊन बघा. सगळ्यांपुढं गाइड. पोलीस भरती, तलाठी, एमपीएससी. आणि भिंतीलगतच्या कपाटाला कुलूप. किल्ली कुणाकडे विचारलं तर एक म्हणतो अध्यक्षांकडे, अध्यक्ष म्हणतात माजी सचिवांकडे, माजी सचिव गेले पनवेलला राहायला.

पोरांनो, मी परीक्षेच्या विरोधात नाही. परीक्षा द्या, पास व्हा. घरात पगार आला पाहिजे. आई किती दिवस दुसऱ्यांची भांडी घासणार? पण त्या गाइडात बाबासाहेब किती ओळी आहेत? जन्म, महाड, पुणे करार, धर्मांतर. खाली पर्याय अ, ब, क, ड. ज्या माणसानं दादरला राजगृह बांधलं ते पुस्तकांसाठी, तो चार पर्यायांत बसवला आणि आपण त्यावर पेन्सिलीनं गोल काळा केला. वाचनालयाची अभ्यासिका झाली, ठीक आहे. पण अभ्यासिकेनं वाचनालय गिळलं तर दहा वर्षांनी आपल्याकडे साहेब असतील, माणसं नसतील. जातीचा दाखला फाईलमध्ये आणि जातीचा प्रश्न कपाटात.

आता कामाचं. मी पिशवीतून पाच पुस्तकं आणली आहेत. ती ठेवून जाणार नाही, हातात देणार आहे.

पहिलं, सरकारनं १९७९ साली काढलेला बाबासाहेबांच्या इंग्रजी लेखन-भाषणांचा पहिला खंड. संपादक वसंत मून. त्यात ‘जातिप्रथेचं विध्वंसन’ इंग्रजीत आहे. १९३६ साली लाहोरच्या मंडळानं भाषणाला बोलावलं आणि मजकूर बघून हबकून सभाच रद्द केली. बाबासाहेबांनी ते स्वखर्चानं छापलं. न झालेलं भाषण आहे ते. मराठी भाषांतरं मिळतात, तिथून सुरू करा.

दुसरं, बेबीताई कांबळे यांचं ‘जिणं आमुचं’, १९८६. फलटणला दुकान चालवताना पुड्या बांधायला आणलेली रद्दी ही बाई वाचायची. लिहिलेलं घरच्या धाकानं वीस वर्षं लपवून ठेवलं. हे पोरांनी आधी वाचावं. आपल्या घरातला मनू कुठं बसतो ते कळेल.

तिसरं, उर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांचं ‘आम्हीही इतिहास घडवला’, १९८९. आंबेडकरी चळवळीतल्या बायांना दारोदार जाऊन भेटून लिहिलेलं. वाचून झालं की गप्प बसू नका, आपल्या आजीला विचारा, तू कुठल्या मोर्चात होतीस?

चौथं इंग्रजी, शैलजा पाईक यांचं ‘द व्हल्गॅरिटी ऑफ कास्ट’, २०२२. तमाशातल्या बाईला अश्लील कुणी ठरवलं आणि त्यात जातीचा हात किती, याचा शोध. येरवड्याच्या वस्तीत वाढलेली ही बाई आज अमेरिकेत इतिहास शिकवते. २०२४ साली तिला मॅकआर्थर फेलोशिप मिळाली. अवघड आहे, गटानं वाचा, एकानं शब्दकोश धरा.

पाचवं, पर्सिव्हल एव्हरेट यांची कादंबरी ‘जेम्स’, २०२४ ची. ‘हकलबरी फिन’ मधला गुलाम जिम इथं स्वतः बोलतो. तो चोरून न्यायाधीशाच्या पुस्तकांच्या खोलीत वाचायला शिकलाय आणि गोऱ्यांसमोर मुद्दाम अडाणी बोलतो. एका साध्या पेन्सिलीची किंमत या कादंबरीत काय पडते ते मी सांगत नाही. वाचा. आणि नंतर तुमच्या खिशातल्या पेनाकडे बघा.

शेवटी चार कामं. एक, या रविवारी कपाटाचं कुलूप काढा. किल्ली नसेल तर हातोडी आहे. दोन, रोज संध्याकाळी एक तास गाइड बंद, पुस्तक चालू. तीन, देवघेवीला पाळीपाळीनं बसा, पोरींनीसुद्धा, आणि पोरींना अंधाराआधी घरी जावं लागतं तर वेळ त्यांच्या सोयीची ठेवा. पुस्तक परत देणाऱ्यानं पुढच्याला दोन वाक्यं सांगायची, कसं वाटलं. नाही आवडलं तर तसं सांगायचं. चार, शहरातल्या अनुदानित ग्रंथालयात दहा-दहाच्या गटानं जा, सभासद व्हा, मागणीच्या वहीत आपली पुस्तकं लिहा. अनामत परवडत नसेल तर तसंही वहीत लिहा. ते अनुदान तुमच्या आईबापानं भरलेल्या करातून येतं.

बसा म्हणाले तर बसा. बसा नाही म्हणाले तरी बसा. टूगालूची पोरं बसली होती.

चला, कोण घेतंय पहिलं पुस्तक? नाव सांगा, वहीत लिहून घेते.

जय भीम.