नास्तिक, ख्रिस्ती आणि आपण
(टौरंगा येथे धम्मचक्र प्रवर्तन दिनाच्या कार्यक्रमात दिलेले भाषण)



या देशात वाढणाऱ्या आपल्या मुलांना एक प्रश्न हमखास विचारला जातो : "तू देव मानतोस का?" मूल "नाही" म्हणाले, की ख्रिस्ती सोबत्याला वाटते, याला नीतीचे बंधन नाही. तेच मूल "आम्ही बुद्धवंदना घेतो" म्हणाले, की नास्तिक सोबत्याला वाटते, हाही मूर्तिपूजकच. दोघांच्याही समजुतीत आपण बसत नाही. म्हणून या दोघांतील वाद आपण नीट समजून घेतला पाहिजे.

हा वाद येथे प्रामुख्याने शाळेच्या अंगणात खेळला गेला. न्यूझीलंडच्या १८७७ च्या शिक्षण कायद्याने सरकारी प्राथमिक शिक्षण पूर्णतः धर्मनिरपेक्ष राहील असे ठरविले. ही तरतूद नास्तिकांनी चर्चवर लादली, असा आज अनेकांचा समज आहे. वस्तुस्थिती निराळी आहे. अँग्लिकन, कॅथलिक आणि प्रेस्बिटेरियन या पंथांचे आपसांत एकमत होईना, म्हणूनच मुख्यतः हा मार्ग निघाला. पुढे १८९७ मध्ये नेल्सन येथे एक पळवाट शोधण्यात आली. आठवड्यातून थोडा वेळ शाळा 'बंद' आहे असे मानावयाचे आणि त्या वेळेत चर्चच्या स्वयंसेवकांनी बायबल शिकवावयाचे! १९६४ च्या कायद्याने या प्रथेस अधिकृत मान्यता दिली. ज्या पालकांस हे नको असेल, त्यांनी तसे कळवून आपले मूल वगळून घ्यावे, असा नियम होता. परिणामी वर्गमित्र गोष्टी ऐकत असताना एखादे मूल दुसऱ्या खोलीत एकटे बसे. त्या मुलाला कोणी शिक्षा केलेली नव्हती, परंतु त्याला ती शिक्षाच वाटे. अलग बसविले जाणे म्हणजे काय, हे आपल्या समाजाला कोणी समजावून सांगण्याची गरज नाही.

विवेकवादी पालकांनी यासाठी अनेक वर्षे झगडा दिला, न्यायालयाचे दारही ठोठावले. अखेर २०२० च्या शिक्षण कायद्याने नियम उलटा केला. आता पालकांची लेखी संमती असल्याशिवाय मुलास अशा वर्गात बसविता येत नाही.

बंधुभगिनींनो, येथे आपली मान अभिमानाने उंच व्हावी. परमपूज्य बाबासाहेब ज्या मसुदा समितीचे अध्यक्ष होते, त्या समितीने घडविलेल्या भारतीय संविधानात अनुच्छेद २८ आहे. संपूर्णतः सरकारी खर्चाने चालणाऱ्या शाळेत धार्मिक शिक्षण देता येणार नाही, आणि मान्यताप्राप्त वा अनुदानित शाळेत मुलास पालकाच्या संमतीवाचून त्यात सहभागी करता येणार नाही, असे तो सांगतो. संविधान लागू झाले २६ जानेवारी १९५० रोजी. संमतीचे जे तत्त्व या प्रगत देशाने २०२० मध्ये स्वीकारले, ते आपल्या संविधानात सत्तर वर्षे आधीच होते. मात्र केवळ अभिमान पुरेसा नाही. कागदावर अनुच्छेद असूनही महाराष्ट्रातील किती शाळांत सरस्वतीपूजन मुकाट्याने चालत आले, हे आपणांस ठाऊक आहे. तेथे ज्यांनी हात जोडण्यास नकार दिला, त्यांना येथील नास्तिक पालकाचे दुःख परके वाटू नये.

परंतु म्हणून आपण ख्रिस्ती बांधवांचे वैरी ठरत नाही. जोतीराव फुले पुण्याच्या स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकले. सावित्रीबाईंच्या शिक्षणाशी तेव्हाच्या अहमदनगरातील मिशनरी सिंथिया फरार यांचे नाव जोडलेले आहे. हे ऋण आपण विसरता कामा नये. त्याचबरोबर धर्मांतरानंतरही ख्रिस्ती समाजात जात कशी टिकून राहिली, हे बाबासाहेबांनी परखडपणे लिहिले, हेही विसरता कामा नये.

या टौरंगाच्या भूमीचा इतिहासही असाच दुहेरी आहे. मिशनने माओरींकडून घेतलेली ते पापाची बहुतांश जमीन १८६७ मध्ये सरकारच्या हाती गेली. त्याबद्दल अँग्लिकन चर्चने २०१८ मध्ये येथील माओरी जमातींची जाहीर क्षमा मागितली. आणि १८६४ च्या गेट पाच्या लढाईपूर्वी, जखमी शत्रूस इजा करू नये अशा आशयाचे नियम लिहिणारे हेनारे तारातोआ हे मिशनच्या शाळेत शिकलेले माओरी ख्रिस्तीच होते. एका शब्दात कोणताही समाज मावत नाही.

'नास्तिक' या शब्दाचेही तसेच आहे. आपल्या परंपरेत वेद न मानणाऱ्यास नास्तिक म्हटले गेले. त्या अर्थी तथागतही नास्तिक ठरले. परंतु देव नाकारणे हा धम्माचा शेवट नव्हे, तो आरंभही नव्हे. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात बाबासाहेबांनी सांगितले, की इतर धर्मांत देवाला जे स्थान आहे, ते धम्मात नीतीला आहे. ख्रिस्ती मित्राच्या शंकेला हे उत्तर आहे : देवावाचून नीती असू शकते. आणि नास्तिक मित्राच्या शंकेलाही हेच उत्तर आहे : वंदना म्हणजे याचना नव्हे, शीलाचे स्मरण होय.

२०२३ च्या जनगणनेत या देशातील ५१.६ टक्के लोकांनी आपला कोणताही धर्म नसल्याचे नोंदविले आणि ३२.३ टक्के लोकांनी ख्रिस्ती. बहुसंख्य कोण, हे असे बदलत राहते. उद्या बहुसंख्य झालेल्या निधर्मींनी एखाद्या ख्रिस्ती मुलाची टर उडविली, तर आपल्या मुलाने त्या ख्रिस्ती मुलाच्या शेजारी जाऊन बसावे, अशी आमची अपेक्षा आहे.

म्हणून आमचे सांगणे एवढेच. शाळेतून संमतीचा कागद आला, तर तो न वाचता सही करू नका आणि भीतीपोटीही सही करू नका. जनगणनेत 'धर्म नाही' असे न लिहिता स्पष्टपणे 'बौद्ध' लिहा. मुलांना त्रिशरण-पंचशील केवळ पाठ करवून घेऊ नका, त्याचा अर्थ सांगा. अर्थ कळलेले मूल "तू देव मानतोस का?" या प्रश्नाने गांगरणार नाही, आणि विचारणाऱ्याचा अपमानही करणार नाही.

जय भीम! नमो बुद्धाय!