कोळशाच्या रेघा



मी अचलपूरचा. वेळापत्रकावर बोलणार आहे असे गावात सांगितले तेव्हा दोघे-तिघे हसलेच. एकाने विचारले, "शकुंतलेच्या गावचा माणूस वेळेवर बोलणार व्हय?"

त्यांचे हसणे बरोबर होते. मूर्तिजापूर ते अचलपूर ही आमची छोट्या रुळांची शकुंतला रेल्वे. वऱ्हाडचा कापूस मुंबईच्या बंदराकडे आणि तिथून इंग्लंडला जावा म्हणून इंग्रजी कंपनीने ती बांधली. मँचेस्टरला १९२१ साली तयार झालेले वाफेचे इंजिन तिला १९९४ पर्यंत ओढत होते. त्यानंतर डिझेलचे आले. अंतर सुमारे ७६ किलोमीटर आणि प्रवास चार तासांच्या आसपास. तरीही दर्यापूर, अंजनगाव, पथ्रोटच्या माणसांना तिचा हिशेब ठाऊक होता. गाडी किती उशिरा येणार याचा अंदाज घेऊनच ती घरून निघत.

२०१६ साली ती थांबली. रुंद रुळ टाकण्याची घोषणा झाली. तेव्हापासून आम्ही तारीख ऐकतो आहोत. उशिरा येणाऱ्या गाडीची वाट पाहता येते. पण जिची तारीखच पुढे सरकत राहते, तिची वाट पाहणारा माणूस आपल्या मुलीचे शिक्षण, मालाची ने-आण, डॉक्टरची भेट कशावर ठरवणार? म्हणून मला वाटते, कामाचे वेळापत्रक हा केवळ इंजिनिअर लोकांचा विषय नाही. कुणीतरी दिलेल्या तारखेवर दुसरे कुणीतरी आपले आयुष्य मांडत असते.

हा विषय मी शाळा-कॉलेजात शिकलो नाही. मी बी.ए. झालेला, कविता लिहिणारा माणूस. शिकलो तो माझ्या अब्बांकडून. अब्बा मिस्त्री होते, घरे बांधायचे. सही करण्यापुरते अक्षर, पण हिशेब पक्का.

गोष्ट १९८१ ची. मी बारा वर्षांचा होतो. पथ्रोटकडच्या एका शेतकऱ्याने अब्बांना दोन खोल्या बांधायला दिल्या. मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात अक्षय तृतीया होती आणि त्या मुहूर्तावर त्यांच्या मुलीचे लग्न नव्या घरात करायचे होते. अब्बांनी लगेच हो म्हटले नाही. घरी आले, चुलीतला विझलेला कोळसा घेतला आणि मागच्या भिंतीवर आडव्या रेघा ओढू लागले.

सर्वांत शेवटी लग्न. त्याच्या आधी भिंतींची छपाई आणि फरशी, त्याला दोन आठवडे. त्याच्या आधी छताखालच्या बल्ल्या काढायच्या. पण स्लॅब टाकल्यावर त्या एकवीस दिवस हलवायच्या नाहीत आणि छतावर रोज पाणी ठेवायचे. म्हणजे स्लॅब मार्चअखेर पडला पाहिजे. म्हणजे सिमेंट वीस मार्चला कामावर पाहिजे. सिमेंट तेव्हा परमिटवर मिळे. म्हणजे अर्ज आजच. असे उलटे मोजत मोजत ते लग्नापासून त्या दिवसापर्यंत आले.

त्या मुख्य रेघेच्या खाली एक वेगळी, आखूड रेघ होती. ती सुताराची. दारे-खिडक्या त्याने कधी सुरू कराव्यात, कधी आणाव्यात, हे लिहिले होते आणि पुढे बरीच जागा कोरी सोडली होती. मी विचारले, "ही जागा कशाची?" अब्बा म्हणाले, "ये उसके नखरे की जगह है."

आणि तसेच झाले. सुतार आठ दिवस फिरकला नाही. अब्बांच्या कपाळावर आठी नाही. पण अठरा मार्चच्या संध्याकाळी सिमेंटच्या ठिकाणाहून निरोप आला की माल अजून आलेला नाही, महिनाअखेरीच्या आत येणार नाही. त्या रात्री अब्बा जेवले नाहीत. भिंतीसमोर बसून त्यांनी पुन्हा मोजले आणि सायकल काढली. मलाही मागे बसवले.

पाटील ओसरीवर बसले होते. अब्बा उभ्यानेच बोलले. "पाटील, सिमेट बारा दिवस मांगं पडलं. छत होईन, पन अक्षय तृतीयेले खोलीत बल्ल्या उभ्या राह्यतीन. लग्न दुसऱ्या जागी ठेवा."

पाटील भडकले. "मिस्त्री, तारीख तुमीच देल्ली होती नं?"

"देल्ली होती. म्हनूनच आज सांगाले आलो."

"बल्ल्या आठ दिवस आधी काढून घ्या मंग. काय होते?"

अब्बा म्हणाले, "छताले तारीख समजत नाही, पाटील. खाली वऱ्हाड बसलं असन."

बराच वेळ कुणी बोलले नाही. मग आतून पाटलीणबाई आल्या आणि म्हणाल्या, पत्रिका अजून छापायला टाकल्या नाहीत, मंडप भावकीच्या वाड्यात टाकू. लग्न ठरल्या दिवशी झाले, दुसऱ्या वाड्यात झाले. घर जूनमध्ये पावसाच्या आधी पूर्ण झाले. पाटलांनी पुढच्या वर्षी गोठाही अब्बांनाच बांधायला दिला.

पुढे वाचनाच्या नादात कळले की अब्बांच्या कोळशाच्या रेघांना जगात मोठी नावे आहेत. कामे आडव्या पट्ट्यांनी कागदावर मांडायची पद्धत पहिल्या महायुद्धाच्या काळात हेन्री गँट या अमेरिकन अभियंत्यामुळे रूढ झाली. आजही तिला गँट तक्ता म्हणतात. १९५७ च्या सुमारास ड्यूपाँ या रसायन कंपनीत आणखी एक प्रश्न सोडवायला घेतला गेला. शेकडो कामे एकाच वेळी चालू असताना नेमके कोणते काम लांबले तर सगळे लांबते? एकमेकांवर अवलंबून असलेल्या कामांची जी सर्वांत लांब साखळी, तिच्यावर शेवटची तारीख ठरते. बाकीच्या कामांना थोडी सैल जागा असते. त्या साखळीला इंग्रजीत क्रिटिकल पाथ म्हणतात. लगेच १९५८ साली अमेरिकी नौदलाने पोलारिस क्षेपणास्त्राच्या कामासाठी अशीच एक पद्धत काढली. प्रत्येक कामाला लवकरात लवकर किती वेळ, उशिरात उशिरा किती, आणि बहुधा किती, असे तीन अंदाज तिच्यात घेत.

आमच्या घरच्या भाषेत सांगायचे तर सिमेंट साखळीवर होते आणि सुताराला नखऱ्याची जागा होती. सगळ्याच उशिरांवर सारखा आरडाओरडा करणारा मुकादम थकतो आणि लोकही त्याचे ऐकेनासे होतात. कोणता उशीर पचेल आणि कोणता पचणार नाही, हे ज्याला ठाऊक आहे त्याच्या हातात काम असते. शेतकऱ्याला हे वेगळे सांगावे लागत नाही. कुंपण आठ दिवसांनी घातले तरी चालते, मृगाचा पाऊस पडल्यावर बियाणे घरात नसेल तर चालत नाही.

महाराष्ट्रातले मोठे उदाहरण द्यायचे तर कोकण रेल्वेचे. १९९० साली महामंडळ स्थापन झाले, ई. श्रीधरन त्याचे प्रमुख. रोहा ते मंगळूरजवळचे ठोकूर, सुमारे ७४० किलोमीटर. मध्ये डोंगर, खाड्या, नव्वदांहून अधिक बोगदे. लक्ष्य पाच वर्षांचे. काम तुकड्यांत वाटले आणि जो तुकडा तयार झाला तो सुरू करत गेले. दोन्ही टोकांचे पहिले तुकडे १९९३ मध्येच खुले झाले. पण गोव्यात मार्गावरून वाद झाला आणि पेडण्याच्या बोगद्याने सगळ्यांना दमवले. तिथे खडक नव्हता, पाण्याने भिजलेली मऊ माती होती. खोदावे आणि ती पुन्हा आत यावी. बाकी रुळ तयार असून उपयोग नव्हता. रत्नागिरीत माणसे दुप्पट लावली असती तरी गाडी एक दिवसही आधी धावली नसती. साखळी त्या एका बोगद्यात अडकली होती. अखेर २६ जानेवारी १९९८ रोजी संपूर्ण मार्गावर प्रवासी गाडी धावली. पाच वर्षांचे काम सात-आठ वर्षांवर गेले, तरी एवढ्या अवघड मुलखात ते पूर्ण झाले.

याच श्रीधरन यांनी पुढे दिल्ली मेट्रोच्या कामावर उलटी घड्याळे लावली. किती दिवस उरले, एवढेच ती दाखवत. आमच्या भिंतीवर अब्बाही रोज संध्याकाळी एक खूण पुसायचे. मला त्यात काही विशेष वाटत नसे. आज वाटते.

आता आपल्या विदर्भातले उदाहरण. वैनगंगेवरचा गोसीखुर्द प्रकल्प. १९८३ साली त्याला मान्यता मिळाली तेव्हा खर्च धरला होता सुमारे ३७२ कोटी रुपये. २२ एप्रिल १९८८ रोजी पंतप्रधान राजीव गांधी यांच्या हस्ते पायाभरणी झाली. २००९ साली तो राष्ट्रीय प्रकल्प ठरला. २०१६ पर्यंत त्याचा सुधारित खर्च अठरा हजार कोटींच्या वर गेला. भंडारा, नागपूर, चंद्रपूर या जिल्ह्यांतली अडीच लाख हेक्टर जमीन भिजावी हा हेतू. पायाभरणीच्या दिवशी जन्मलेले मूल आज तिशी ओलांडून गेले आणि प्रकल्पाच्या कालव्यांची कामे अजून पूर्ण नाहीत.

कारणे सांगताना भूसंपादन, पुनर्वसन, पैसा अशी यादी येते. ती खोटी नाही. पण या तिन्ही गोष्टी साखळीच्या सुरुवातीच्या कड्या आहेत. जमीन हाती नसताना कालव्याची तारीख देणे म्हणजे सिमेंटचा अर्ज न करता लग्नाच्या पत्रिका वाटणे. धरणात पाणी साचते, गावे उठतात आणि शेताच्या बांधापर्यंत पाणी जात नाही. मधली वीस-तीस वर्षे कोणत्याही अंदाजपत्रकात दाखवली जात नाहीत. ती शेतकऱ्याच्या खात्यात पडतात.

दुसऱ्यांना बोट दाखवले, आता स्वतःचे सांगतो.

काही वर्षांपूर्वी एका वाचनालयाला नवी खोली बांधायची होती. समितीचा चिटणीस मी. एका निवृत्त गुरुजींनी आयुष्यभर जमवलेली पुस्तके देऊ केली. मी उत्साहाने सांगितले, "गुरुजी, मार्चमध्ये उद्घाटन." पहिल्याच महिन्यात मला कळले होते की जागेच्या कागदावरची एक सही मिळत नाही आणि ती मिळेपर्यंत पायाही खोदता येणार नाही. पण सांगायला लाज वाटली. मी म्हणालो, एप्रिल. मग म्हणालो, पावसाच्या आधी. मग, दिवाळी.

गुरुजींनी माझ्या पहिल्या तारखेवर पुस्तके कपाटातून काढून खोक्यांत बांधली होती. खोकी ओसरीवर ठेवली होती, आज-उद्या नेतील म्हणून. पावसाळ्यात ओल आली, मग वाळवी. दिवाळीनंतर आम्ही खोकी उघडली तेव्हा खालच्या थरातल्या पुस्तकांच्या फक्त पाठी उरल्या होत्या. त्यांत त्यांच्या विद्यार्थिदशेतल्या हस्तलिखित वह्याही होत्या. ते रागावले नाहीत. एवढेच म्हणाले, "तुम्ही तारीख सांगितली म्हणून बांधली हो. नाही तर कपाटात बरी होती."

श्रोतेहो, ती सही न मिळणे माझ्या हातात नव्हते. ते पहिल्या महिन्यात सांगणे माझ्या हातात होते. अब्बा त्या रात्री बारा किलोमीटर सायकल हाणत गेले आणि मला गुरुजींच्या गल्लीपर्यंत जाता आले नाही.

डॅनियल कानमन आणि अमोस ट्वर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी १९७९ मध्ये माणसाच्या या खोडीवर लिहिले. मागची सगळी कामे लांबली हे ठाऊक असूनही हातातले काम मात्र वेळेत होईल असे माणसाला वाटते. ऑस्ट्रेलियातले सिडनीचे ऑपेरा हाऊस १९६३ मध्ये होणार होते; उघडले १९७३ मध्ये. म्हणजे हुशार माणसेही यातून सुटत नाहीत. त्यावर उपाय साधा आहे. आपल्या मनाला विचारू नये, मागच्या तशाच कामाला किती दिवस लागले ते विचारावे.

तुम्ही घर बांधत असाल, लग्न काढत असाल, गावची पाण्याची टाकी बांधून घेत असाल, तर चार गोष्टी करून पाहा. शेवटच्या दिवसापासून उलटे मोजा. कोणते काम कोणावर थांबले आहे ते लिहा. ज्या कामांना सैल जागा नाही, त्यांच्या वाटेवर आधीच्या खुणा ठेवा. वीस मार्चची खूण नसती तर सिमेंटचा घोटाळा अब्बांना एप्रिलमध्ये कळला असता. आणि खूण चुकली की त्याच संध्याकाळी, जो आपल्या तारखेवर विसंबला आहे त्याला सांगा. तो चिडेल. पण त्याच्या हातात अजून दिवस असतील.

शकुंतलेच्या बाबतीतही आमची मागणी याहून मोठी नाही. रुळ उद्या टाका असे कुणी म्हणत नाही. जमीन, पैसा, मंजुरी, यांतली कोणती कडी अडली आहे आणि ती कधी सुटेल, एवढे भिंतीवर लिहा. स्टेशनची भिंत अजून उभी आहे. कोळसा आम्ही आणून देऊ.



(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)