खेळ, अभ्यास आणि एव्हरेस्टवर गेलेली आपली मुलं

(रौप्यमहोत्सवी सोहळ्यात केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



मला दहा मिनिटं दिली आहेत. मी पस्तीस वर्षं शाळेत पी.टी. शिकवली, त्यामुळं शिट्टी कधी वाजवायची हे मला कळतं. तुम्ही काळजी करू नका.

सांस्कृतिक समितीनं मला विषय दिला, 'खेळ की अभ्यास?' हा प्रश्न मला आयुष्यभर पालकांनी विचारला. विचारला म्हणजे काय, प्रश्नाच्या आवाजात निर्णय सांगितला. "सर, यंदा दहावी आहे, आता मैदान बंद." नववीपर्यंत जिल्हा पातळीवर धावणारी मुलगी दहावीला घरात बसायची. बारावीला वजन वाढायचं, पुढं गुडघे दुखायचे. मार्क मात्र होते तेवढेच राहायचे. हे मी कुठलं संशोधन सांगत नाही, डोळ्यांनी बघितलेलं सांगतो.

पण आज आपल्याच जिल्ह्यातली गोष्ट सांगतो. तुम्हाला ती माहीत आहे. २०१८ साली घराघरांत तिची चर्चा झाली होती. मनीषा धुर्वे, परमेश आळे, उमाकांत मडावी, कवीदास काटमोडे आणि विकास सोयाम. आपल्या चंद्रपूर जिल्ह्यातल्या आदिवासी आश्रमशाळांची ही पाच मुलं त्या वर्षीच्या मे महिन्यात एव्हरेस्टच्या माथ्यावर उभी राहिली. पंतप्रधानांनी 'मन की बात'मध्ये त्यांची नावं घेतली. आपल्या चौकात फ्लेक्स लागले. फ्लेक्स महिनाभरात फाटले. आपल्याकडच्या उन्हात दुसरं काय होणार?

आता जरा विचार करा. आपण राहतो ते गाव समुद्रसपाटीपासून दोनशे मीटरच्या आसपास. मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या पुढं. बर्फ म्हणजे रसवंतीवाल्याच्या पोत्यातला. आणि ही मुलं निघाली ८८४८ मीटरवर, जिथं श्वासागणिक मिळणारा प्राणवायू आपल्या इथल्या एक तृतीयांशाच्या जवळपास असतो. आठ हजार मीटरच्या वर शरीर स्वतःलाच खायला लागतं. भूक मरते, झोप येत नाही, साधा बुटाचा बंद बांधायला दम लागतो.

हे जमलं कसं? ऑगस्ट २०१७ मध्ये 'मिशन शौर्य' या नावानं तयारी सुरू झाली. आधी वर्धा, मग हैदराबाद, मग दार्जिलिंग, मग लेह-लडाख. म्हणजे सपाटीवर धावणं, मग खडकावर चढणं, मग डोंगर, मग थंडी. क्रम बघा. पी.टी.चा मास्तर म्हणून मला यातलं सगळ्यात जास्त काय आवडलं असेल तर हा क्रम. कोणी उचलून पोराला बर्फात नेऊन टाकलं नाही. शरीराला उंची हळूहळू शिकवावी लागते. वर जायचं, थोडं थांबायचं, परत खाली यायचं, पुन्हा वर जायचं. रक्तातल्या तांबड्या पेशी वाढायला आठवडे लागतात, त्यात कोणाची शिफारस चालत नाही. घाई केली की डोकं दुखायला लागतं आणि ते ऐकलं नाही की फुप्फुसात पाणी भरतं.

आणि हे सगळं शाळकरी वयात, एका शैक्षणिक वर्षाच्या पोटात. ज्या फेब्रुवारी-मार्चमध्ये आपली लेकरं परीक्षेला बसतात आणि आपण टीव्हीचा आवाज बंद करतो, त्याच दिवसांत या मुलांची मोहीम तोंडावर आली होती.

आणखी एक. मोहिमेला निवडलेली मुलं दहा होती. माथ्यावर पाच पोचली. उरलेल्या पाचांची नावं या सभेत कोणाला सांगता येतील का? नाही ना. गिर्यारोहणात वेळेवर मागं फिरणं हे फार अवघड कौशल्य समजतात, कारण माथा दिसत असताना परत फिरायला जास्त धीर लागतो. शासनानं त्यांनाही बक्षीस दिलं, हे बरं केलं. आपण मात्र निकालाच्या दिवशी पहिल्या तिघांचेच फोटो सोसायटीच्या फळ्यावर लावतो. जाऊ द्या, तो विषय वार्षिक सभेत काढू.

राजुऱ्याच्या पलीकडं तेलंगणा लागतो. तिथली मालावत पूर्णा २५ मे २०१४ ला एव्हरेस्टवर पोचली तेव्हा चौदा वर्षांचीही झाली नव्हती. तीही सरकारी निवासी शाळेची, शेतमजुराची मुलगी. पुढं तिनं शिक्षण सोडलं नाही. अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात काही काळ शिकून आली, आणि २०२२ पर्यंत सातही खंडांतली सर्वांत उंच शिखरं चढली.

मिनेसोटाकडं, म्हणजे जिथं चार-पाच महिने बर्फ असतो तिथं, कॉलेजात एक खेळ असतो. पायाला लांब अरुंद पट्ट्या बांधायच्या, दोन्ही हातांत काठ्या, आणि बर्फावरून चढ-उतार तोडत मैलोन्‌मैल जायचं. क्रॉस-कंट्री स्कीइंग म्हणतात. उतारावरून सर्रकन घसरणं ते वेगळं. हा दमाचा खेळ आहे, आपल्या लांब पल्ल्याच्या धावण्याचा थंडीतला भाऊ. अमेरिकेत कॉलेजांची स्कीइंगची राष्ट्रीय स्पर्धा १९५४ पासून होते. तिथला नियम सांगतो आणि पालकांनी जरा कान द्यावा. त्या संघातून खेळायचं तर विद्यार्थी पूर्णवेळ शिकत असला पाहिजे आणि मार्कांची ठरलेली पातळी त्यानं टिकवली पाहिजे. मार्क घसरले की संघाबाहेर. म्हणजे खेळायचं असेल तर अभ्यास करावाच लागतो. आपल्याकडं उलटं, अभ्यास करायचा म्हणून खेळ सोडायला लावतात.

याच २०१८ च्या फेब्रुवारीत कोरियातल्या हिवाळी ऑलिम्पिकमध्ये या खेळात भारताकडून जगदीश सिंग उतरले होते. ते लष्करातले. आपल्याकडं असे खेळाडू बहुतेक लष्करातूनच येतात, कारण बर्फ, बूट, प्रशिक्षक आणि पगार हे चारही एका जागी तिथंच मिळतं. कॉलेजातून येत नाहीत. यात लष्कराचा मोठेपणा आहे, कॉलेजांचं काय ते तुम्ही ठरवा. आपल्या गोंडवाना विद्यापीठाकडून बर्फाची अपेक्षा मी करणार नाही, पण २०११ साली ते गडचिरोलीला झाल्यापासून आपल्या दोन्ही जिल्ह्यांतल्या कॉलेजांना नागपूरच्या गर्दीतून बाहेर पडून स्वतःची मैदानी स्पर्धा मिळाली, हे चांगलं झालं.

आता आपल्याकडं पोरं धावतात कशासाठी? खरं सांगतो, पोलीस भरतीसाठी. आलापल्लीपासून मूलपर्यंत कुठल्याही रस्त्यावर पहाटे पाच वाजता बघा. काही लोक याला नाक मुरडतात, म्हणतात हा काही खेळ नव्हे. मला तसं वाटत नाही. भरतीचा हिशेब बघा: मैदानी ५० गुण, लेखी १००. मुलींना ८०० मीटरला २०, शंभर मीटरला १५, गोळाफेकीला १५. मैदानात निम्मे गुण मिळाले नाहीत तर पेपरच देता येत नाही. पेपरमध्ये गणित, बुद्धिमत्ता, सामान्य ज्ञान, मराठी व्याकरण. शेवटी दोन्हींची बेरीज करून यादी लागते. 'खेळ की अभ्यास' हा वाद या यादीनं केव्हाच मिटवला आहे. कोरपना-जिवतीकडच्या घरांना तो कळलाही, आपल्या फ्लॅटांत अजून चालूच आहे.

हे सगळं मी का सांगतो आहे? आपल्या गेटवर रात्रपाळी करणाऱ्या भाऊंची मुलगी तुम्ही सगळ्यांनी बघितली आहे. बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. गेल्या पावसाळ्यापर्यंत ती पहाटे आपल्या आतल्या रस्त्यावर धावायची. ए विंगच्या कोपऱ्यापासून पाण्याच्या टाकीला वळसा घालून परत आलं की जवळजवळ दोनशे मीटर होतात, मी टेपनं मोजून दिले होते. चार फेऱ्या म्हणजे तिचे आठशे. मग कोणीतरी तक्रार केली की पहाटे बुटांचा आवाज होतो, आणि बाहेरच्यांनी आतला रस्ता का वापरावा? ठराव झाला. सहा वाजेपर्यंत आतला रस्ता बंद. आता ती बायपासला धावते, कोळशाच्या ट्रकांच्या बाजूनं, अंधारात. तिचे वडील काही बोलले नाहीत. ते कसे बोलतील, नोकरी आपल्याकडं आहे.

मी तिची वेळ अजूनही घेतो. तीन मिनिटं चार सेकंदांवर आली आहे. पूर्ण गुणांसाठी अजून थोडी कमी व्हायला पाहिजे.

सचिव साहेब, माझी मागणी लेखी दिलेली आहे, आज सगळ्यांसमोर परत वाचतो. एक, आतला रस्ता पहाटे पाचपासून धावणाऱ्यांसाठी उघडा ठेवावा, सभासदांच्या मुलांना आणि कर्मचाऱ्यांच्या मुलांना सारखाच. दोन, क्लब हॉल संध्याकाळी सात ते दहा रिकामाच असतो, तिथं दोन ट्यूबलाइट आणि चार टेबलं लावून अभ्यासाला द्यावा. ट्यूबलाइटचं बिल मी भरतो. आवाजाबद्दल म्हणाल तर मी स्वतः ए विंगमध्ये तळमजल्यावर राहतो, रस्त्याला लागून. सगळ्यात आधी तो आवाज माझ्याच खिडकीत येतो. ज्यांना झोपमोड होईल त्यांनी माझी बेल वाजवावी, पाचला मी जागाच असतो.

ठराव पुढच्या रविवारच्या सभेत आहे. गणपूर्ती व्हायला पाहिजे, एवढं बघा. चला, जेवण लागलं आहे.