तळीरामाची ओळख



राम गणेश गडकरी यांचे निधन २३ जानेवारी १९१९ रोजी सावनेर येथे झाले. त्याला महिनाही लोटला नव्हता तोच, फेब्रुवारीत, त्यांच्या ‘एकच प्याला’चा पहिला प्रयोग गंधर्व नाटक मंडळीने केला, आणि तो केला या बडोदे शहरात. गडकऱ्यांचा जन्मही बडोदे संस्थानच्याच नवसारी प्रांतातला. तेव्हा या नाटकावर बडोद्याचा थोडाफार हक्क आहे असे म्हटल्यास पुण्या-मुंबईच्या रसिकांनी रागावू नये.

मद्यपानाच्या दुष्परिणामांचे नाटक असा त्याचा लौकिक आहे. तो खोटा नाही, पण अपुरा आहे. दारूबंदीच्या या राज्यात तेवढाच अर्थ घेतला, तर वाचक पुस्तक मिटून निर्धास्तपणे झोपी जाईल. एक माणूस दुसऱ्याच्या मनाचा ताबा कसा घेतो, आणि ज्याच्या मनाचा ताबा गेला त्याला तो गेल्याचे कळतही कसे नाही, हा या नाटकाचा खरा गाभा आहे. दारू हे त्याचे साधन होय.

तळीराम हा सुधाकराचा कारकून. सुधाकर बुद्धिमान, स्वतःच्या कर्तबगारीवर वर आलेला आणि कमालीचा मानी वकील. न्यायालयातील खटक्यापायी त्याची सनद काही काळापुरती जाते. त्याचा जिवलग मित्र रामलाल नेमका विलायतेला निघून गेलेला. अशा वेळी तळीराम पुढे होतो. तो सुधाकराला काही मागत नाही, धमकावत नाही, कोणाची चुगलीही आधी करीत नाही. अपमानाने मन पोळले आहे ना, मग हे थोडेसे घेऊन विसरा, एवढेच त्याचे म्हणणे. भुलवणारा माणूस शत्रूच्या वेषात येत नसतो. जखमेवर फुंकर घालायला जो सर्वांत आधी धावतो, त्याच्या रूपाने तो येतो. जखम मात्र बरी व्हावी अशी त्याची इच्छा नसते, कारण ती बरी झाली की त्याचे काम संपले.

‘भावबंधन’मधील घनश्याम याच्या शेजारी उभा करून पाहावा. तो सूडाने पेटलेला, कागदपत्रांच्या जोरावर दुसऱ्याला कैचीत धरणारा. त्याची दुष्टता पहिल्या भेटीतच कळते, म्हणून तो कमी धोक्याचा. तळीराम कळत नाही. कारण तो पूर्णपणे ढोंगी नाही! जी दारू तो पाजतो ती तो स्वतःही पितो, आणि अखेर तिच्यातच मरतो. आपल्या बुडण्याला सोबत हवी, एवढाच त्याचा स्वार्थ. फसवणाऱ्याच्या प्रत्येक शब्दात असत्यच असले पाहिजे, ही समजूत अनेक घरांना महागात पडली आहे.

गडकऱ्यांची आणखी एक खोच सहसा ध्यानात येत नाही. तळीराम विनोदी पात्र आहे. त्याच्या आर्य मदिरा मंडळाच्या बैठकीत प्रेक्षक पोट धरून हसतो, म्हणजे सुधाकराप्रमाणे तोही तळीरामाच्या संगतीत रमतो. सुधाकराच्या घराची राखरांगोळी होऊ लागली, की मग हसणारा ओशाळतो. एवढा वेळ आपणही कोणाच्या बाजूला बसलो होतो, हा प्रश्न त्याला एकट्याने सोडवावा लागतो.

मग ओळखावे कशावरून? बोलण्याच्या गोडीवरून नव्हे. गोड बोलणारी सारीच माणसे तळीराम नसतात. पाहावे ते परिणामाकडे. या माणसाच्या सहवासात पत्नी, मेहुणा, जुना मित्र ही माणसे परकी वाटू लागली काय? त्यांचा साधा प्रश्नही अपमान वाटतो काय? आणि ‘नाही’ म्हटल्यावर तो थांबतो काय? सुधाकराला हितोपदेश टोचतो, खुशामत मात्र सन्मान वाटते. त्याच्या अहंकाराची किल्ली तळीरामाला सापडलेली असते. रामलालाविषयीही येथे बोलणे प्राप्त आहे. तो खरे बोलतो, पण व्याख्यान दिल्यासारखे बोलतो. दुखावलेल्या माणसाला नुसती व्याख्याने मिळू लागली, की तळीरामासाठी दार आपोआप उघडे राहते.

सिंधूचा प्रश्न याहून अवघड आहे. सुधाकर दारू सोडण्याची शपथ घेतो आणि मोडतो. शपथ घेताना त्याचे अश्रू खरे असतात. म्हणूनच ती फसवणूक अधिक खोल जाते. तळीरामाची पत्नी गीता नवऱ्याला पुरते ओळखून आहे आणि ते फटकन बोलूनही दाखवते. सिंधूला दिसत नाही असे नाही. दिसते, पण पातिव्रत्याच्या कल्पनेने दिसलेले उच्चारण्याची वाट बंद केलेली आहे. माहेरची मदत न घेता ती दळण दळून घर चालवते, आणि शेवटी पतीला शिक्षा होऊ नये म्हणून मरतामरता फौजदारापुढेही सत्य लपवते. हा प्रसंग उदात्त मानण्याची आपल्याकडे प्रथा आहे. तो भयंकरही आहे, असे म्हणण्याचे धैर्य आता व्हावयास हवे.

पहिल्या प्रयोगानंतर बाराच वर्षांनी, १९३१ मध्ये, सयाजीराव महाराजांच्या राज्यात हिंदू स्त्री-पुरुषांना घटस्फोटाची मुभा देणारा कायदा झाला. पुढे २००५ च्या कौटुंबिक हिंसाचारविरोधी केंद्रीय कायद्याने मारहाणीबरोबरच शाब्दिक, भावनिक आणि आर्थिक छळालाही हिंसाचार म्हटले. घरखर्चाला पैसा न देणे, सतत पाणउतारा करणे, या गोष्टींना त्यामुळे कायद्यात नाव मिळाले. या कायद्यात एक तरतूद अशीही आहे की, छळाची माहिती संरक्षण अधिकाऱ्याला देण्यासाठी स्वतः पीडित स्त्रीच हवी असे नाही. ज्याला तसे वाटण्यास कारण आहे अशी कोणीही व्यक्ती ती देऊ शकते, आणि सद्भावनेने दिलेल्या माहितीबद्दल तिच्यावर कसलीही जबाबदारी येत नाही. सिंधूकडे येणारी-जाणारी गीता होती, पद्माकर होता, रामलाल होता.