दादीला आधी विचारा

(नंदुरबार येथे तरुणांच्या मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



मी फिजिओथेरपीच्या विद्यार्थ्यांना वृद्धांची काळजी हा विषय शिकवते. पहिल्या तासाला मी पुस्तक उघडत नाही. फक्त एक प्रश्न विचारते : तुमच्या घरातलं सर्वांत वयस्कर माणूस काल कोणाच्याही आधाराशिवाय किती वेळा उठलं? वर्ग गप्प होतो. आपण त्यांच्या गोळ्या मोजतो, उठणं-बसणं मोजत नाही.

हा प्रश्न मला माझ्या घराने शिकवला. माझी दादी तापाने पंधरा दिवस अंथरुणात होती. ताप उतरला, पण आम्ही तिला उठू दिलं नाही. पाणी हातात, जेवण पलंगावर. "दादी, तुम्ही फक्त आराम करा." आम्हाला वाटायचं, हीच खिदमत. तीन महिन्यांनी तिला एकटीला मोरीपर्यंतही जाता येईना. तिचे पाय तापाने कमी आणि आमच्या मायेने जास्त गेले. मी तेव्हा शिकत होते, तरी मला ते दिसलं नाही.

2007 साली अमेरिकेत एक अभ्यास प्रसिद्ध झाला. साठी ओलांडलेल्या धडधाकट माणसांना फक्त दहा दिवस अंथरुणावर ठेवलं, तर त्यांच्या पायांचं सुमारे एक किलो मांस झडलं. पण याची दुसरी बाजूही आहे. 1990 साली बॉस्टनमध्ये नव्वदीच्या आसपासच्या वृद्धांकडून आठ आठवडे वजनाचे व्यायाम करून घेतले, तेव्हा त्यांच्या पायांची ताकद दुपटीहून जास्त वाढली. त्याच्याही आधी, 1935 साली, लंडनमध्ये डॉ. मार्जोरी वॉरन यांच्याकडे वर्षानुवर्षं खाटेला खिळलेले शेकडो वृद्ध सोपवले गेले. त्यांनी एकेकाला तपासलं, उठवलं, चालवलं आणि त्यांतल्या अनेकांना घरी पाठवलं. म्हणून "आता वय झालं" हे वाक्य माझ्या वर्गात निदान म्हणून चालत नाही.

आपल्या जिल्ह्यात हे काम पुस्तकाबरहुकूम होत नाही. अक्राणी, अक्कलकुव्याच्या पाड्यांवरची तरणी माणसं ऊसतोडीला गुजरातेत जातात. मागे म्हातारी माणसं आणि नातवंडं उरतात. तिथल्या चढावर वॉकर काय कामाचा? उंबरा, ओटा, पाण्याचा हंडा यांतूनच व्यायाम शोधावा लागतो. विद्यार्थी वहीत लिहितात, "पेशंट सहकार्य करत नाही." मी विचारते, तू कोणत्या भाषेत सांगितलंस? पावरी, भिली, अहिराणी की उर्दू? बऱ्याचदा उत्तर येतं : पुस्तकी मराठीत.

आता आपल्या घरांविषयी. एका विद्यार्थिनीने एका आजींसाठी उद्दिष्ट लिहिलं होतं, "गुडघा 120 अंशांपर्यंत वाकवणे." मी म्हटलं, आजींना विचारलंस का? तिने विचारलं. आजी म्हणाल्या, "बेटी, मला एकदा तरी जमिनीवर सजदा करायचाय." खुर्चीवर बसून नमाज होते, हे आजींना ठाऊक होतं. तरीही त्यांची इच्छा ती होती. मग उपचार बदलला. आधी खुर्चीवरून उठ-बस, मग पलंगाच्या कडेला हात टेकून खाली वाकणं, मग उशांचा ढीग रोज थोडा कमी करणं. दुखलं की थांबायचं. कुठवर जायचं, ते आजी ठरवत होत्या. हात लावण्याआधी विचारायचं, परका मुलगा तपासणार असेल तर जवळ घरचं माणूस हवं का तेही विचारायचं. म्हातारपणाबरोबर माणसाची लाज आणि मर्जी संपत नाही.

आणखी एक गोष्ट, जरा टोचेल अशी. आईवडिलांच्या खिदमतीचं कौतुक मुलाच्या वाट्याला येतं आणि कंबरदुखी सुनेच्या. माझ्याकडे ज्या आजीला घेऊन येतात, तिच्या सुनेचीही पाठ मला तपासावी लागते. 2007 च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याने निर्वाहाची जबाबदारी मुलगा, मुलगी, नातू, नात यांच्यावर टाकली. त्या यादीत सून नाही! म्हणून माझे विद्यार्थी घरी गेले की आधी मुलाला बोलावतात आणि अम्मीला पलंगावरून खुर्चीत कसं बसवायचं ते त्यालाच शिकवतात. भाऊ सुरुवातीला लाजतात, पण शिकतात.

शेवटी एक गृहपाठ. आज घरी गेल्यावर एक भक्कम खुर्ची घ्या. दादा-दादींना त्यावरून उठून नेहमीच्या चालीने तीन मीटर चालायला, वळून परत यायला आणि बसायला सांगा. तुम्ही हाताच्या अंतरावर राहा. बारा सेकंदांहून जास्त वेळ लागला, तर पडण्याचा धोका आहे असं समजा आणि डॉक्टर किंवा फिजिओथेरपिस्टला दाखवा. पण घड्याळ लावण्याआधी त्यांच्याजवळ बसा आणि विचारा : तुम्हाला पुन्हा काय करता यायला हवंय?

माझ्या दादीला हे कोणी विचारलं नाही. ती अंगणातल्या तुळईला धरून उभी राहायचा हट्ट करायची आणि आम्ही तिला परत निजवायचो. तिचं उत्तर तेच होतं. आम्हाला ते ऐकू आलं नाही. तुम्ही ऐका.