मल्लखांबाने घडवलेली माणसे

(हीरक महोत्सवी क्रीडासप्ताहाच्या उद्घाटनप्रसंगीचे भाषण)



मल्लखांबाला प्रथमच भिडणारे मूल बहुधा वर चढण्याच्या घाईत असते. हातांनी खांब कवटाळावा, पाय मारावेत आणि एरंडेल चोळलेल्या शिसवी लाकडावरून घसरत पुन्हा मातीत यावे, असा पहिला आठवडा जातो. वस्ताद हसत नाहीत आणि रागावतही नाहीत. ते साधी अढी शिकवतात. डोके खाली, पाय वर आणि मांड्यांची पकड खांबाभोवती. ती पकड बसली की हात सोडायचे असतात. हा हात सोडण्याचा क्षण कोणालाही चुकत नाही आणि तो दुसऱ्या कोणी आपल्यासाठी पार पाडूनही देत नाही. त्या क्षणानंतर मुलाच्या चेहऱ्यावर जे उमटते, ते गुणपत्रिका हाती घेताना क्वचितच दिसते.

खेळाने माणूस घडतो, हे वाक्य प्रत्येक पारितोषिक समारंभात उच्चारले जाते. तो कसा घडतो, हे सहसा सांगितले जात नाही. मल्लखांब हा खेळ त्या दृष्टीने फार बोलका आहे.

बाराव्या शतकातील चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या ‘मानसोल्लास’ ग्रंथात मल्लस्तंभाचा उल्लेख येतो. पुढे विस्मृतीत गेलेली ही विद्या दुसऱ्या बाजीरावांच्या पदरी असलेल्या बाळंभटदादा देवधर यांनी पुन्हा उभी केली. सप्तशृंगीच्या डोंगरावर त्यांना ती स्फुरली, अशी आख्यायिका आहे. आख्यायिका बाजूला ठेवली तरी मल्लाच्या अंगी चपळाई यावी म्हणून हा खांब उभा राहिला, एवढे निश्चित. ग्वाल्हेर, इंदूर, उज्जैन, वडोदरा अशा ठिकाणी मराठी माणसे गेली, तेव्हा आखाडाही त्यांच्याबरोबर गेला. वडोद्यात जुम्मादादा व्यायाममंदिरात प्रो. माणिकरावांनी पिढ्या घडवल्या आणि दत्तात्रय चिंतामण मजुमदार यांनी दहा खंडांचा ‘व्यायाम ज्ञानकोश’ त्याच नगरीत सिद्ध केला. महाराष्ट्राबाहेरील मराठी समाज आपली नाटके आणि गणेशोत्सव अभिमानाने सांगतो; हे दहा खंड मात्र त्याला फारसे आठवत नाहीत. मध्य प्रदेशाने 2013 मध्ये मल्लखांबाला राज्यक्रीडेचा मान दिला, तेव्हा अनेकांना त्याचे नवल वाटले. इतिहास ठाऊक असता तर वाटले नसते.

मुंबईच्या शिवाजी पार्कवरील श्री समर्थ व्यायाम मंदिराचे उदय देशपांडे यांना 2024 मध्ये पद्मश्री मिळाली. त्यांच्या दीर्घ कार्यातील एक भाग शिक्षकांनी आवर्जून लक्षात घ्यावा असा आहे. त्यांनी दृष्टिहीन मुलींना दोरीचा मल्लखांब शिकवला. डोळस मुलाला कसरत करून दाखवता येते. येथे ती शब्दांनी आणि स्पर्शाने समजावावी लागते. दोरी कोठून घ्यायची, अंगठा आणि शेजारचे बोट यांच्या चिमटीत ती कशी धरायची, कोणता वेढा कोठून काढायचा, हे सारे कातडीने लक्षात ठेवायचे. ज्या मुलीला घरातही ‘जपून, हळू, पडशील’ एवढेच ऐकावे लागते, ती अधांतरी दोरीवर आसन लावून स्थिर बसते. खाली उभ्या असलेल्या तिच्या आईच्या मनात त्या वेळी काय बदलत असेल, याचा विचार करावा. मुलगी घडते तशी तिच्याकडे पाहणारी माणसेही घडतात.

छत्तीसगडच्या नारायणपूर भागात, अबुझमाडच्या आदिवासी मुलांनी हाच खांब आपलासा केला आणि 2023 मध्ये दूरचित्रवाणीवरील एका देशव्यापी स्पर्धेचे विजेतेपद मिळवले. ज्या प्रदेशाचे नाव वर्तमानपत्रात केवळ चकमकींच्या बातमीत येई, ते त्या मुलांमुळे वेगळ्या कारणाने छापले गेले.

आणि वडोद्याचा तो दहा वर्षांचा मुलगा. 2022 च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धा गुजरातमध्ये झाल्या आणि त्यांत मल्लखांबाचा समावेश होता. स्पर्धेच्या अवघ्या काही दिवस आधी त्याचे वडील गेले. मुलाने खेळावे ही त्यांची इच्छा होती. आईने तीच उचलून धरली. तो परतला, आपल्याहून कितीतरी मोठ्या खेळाडूंमध्ये उतरला आणि कांस्यपदक घेऊन आला. पदकाने दुःख हलके झाले असेल, असे कोणी म्हणू नये. परंतु दुःखात काय करायचे, हे त्या बालकाच्या शरीराला ठाऊक होते. रोज सकाळी जे करत आला तेच. हे ज्ञान पुस्तकातून त्या वयात मिळत नाही.

आखाड्यातून केवळ सज्जनच निघतात असा दावा करण्याचे कारण नाही. दांडगटही निघाले आहेत. अपघातही होतात. म्हणून खाली जाड गादी हवी, जाणता शिक्षक हवा आणि हात पसरून उभा राहणारा सोबती हवा. या सोबत्याचे नाव निकालपत्रकात नसते. वरचा मुलगा हात सोडतो तो मात्र त्याच्या भरवशावर. वर्गातला सर्वांत अबोल, परीक्षेत मागे राहणारा विद्यार्थी कित्येकदा या जागेवर सर्वांत विश्वासू ठरतो आणि मग त्याच्याशी इतर मुले निराळ्या आदराने बोलू लागतात.

पालकांची काळजी खोटी नाही. दहावीच्या टक्क्यांवर प्रवेश ठरतात, शिकवणीचे शुल्क भरलेले असते. शिक्षकांनाही अभ्यासक्रम पुरा करायचा असतो. म्हणून दिवाळीची सुट्टी संपली की गणिताचे वा विज्ञानाचे शिक्षक शारीरिक शिक्षणाचा तास मागून घेतात, क्रीडाशिक्षक संकोचाने देतात आणि मुले खिडकीतून रिकाम्या मैदानाकडे पाहत सूत्रे उतरवून घेतात. बहुतेक शाळांत हे घडते आणि त्यात कोणाचाही हेतू वाईट नसतो.

या वर्षी मैदानाच्या कडेला खांबासाठी खड्डा घेतला जाणार आहे. खांबाची उंची जमिनीवर साधारण साडेआठ फूट असेल. गाद्या, दोर आणि प्रशिक्षक यांची तजवीज माजी विद्यार्थ्यांनी करावी, अशी विनंती आहे. सहकारी शिक्षकांकडे मागणे एवढेच की, दहावीच्या वेळापत्रकातील मैदानाचे ते दोन तास यंदा मार्चपर्यंत कोणी मागू नयेत.